लाल बावट्याचा मान

माझ्या लाल बावट्याला कुणीतरी झेंडूचा हार घातला होता.

नुसता हार नाही. बांबूच्या बुंध्याशी उदबत्त्या खोचल्या होत्या, फुटलेल्या नारळाची वाटी पडली होती आणि वाळूवर हळदकुंकू सांडलं होतं. दोन बायका बावट्याला प्रदक्षिणा घालत होत्या. त्यांच्या तिसऱ्या सोबतिणीने पदर खोचला, नारळ दोन्ही हातांत धरला, मी लावलेल्या ‘पाण्यात उतरू नये’ या पाटीला भक्तिभावाने नमस्कार केला आणि ती पाण्यात उतरली.

“बाबली!” मी किंचाळले.

बाबली तांडेल हा ग्रामपंचायतीने नेमलेला जीवरक्षक. पोहण्यात त्याचा हात कुणी धरला नसता, आणि शिट्टी वाजवण्यात तर त्याहून नाही. त्याने कर्कश शिट्टी फुंकली, धावत जाऊन बाईंना दंडाला धरून बाहेर आणलं. बाईंनी त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. त्याने तो तोंडात टाकला.

“खातोस काय? दम दे त्यांना!”

“दम देतंय, मॅडम,” तो चावत म्हणाला. “पण परसादाक नाय म्हणूक नये.”

हे सगळं कसं झालं ते सांगायला हवं. मी शिवलीला बिराजदार, सोलापूरची. आमच्याकडे पाणी म्हणजे नळाला येणारी गोष्ट, तीही आली तर. पोहायला मला तेव्हा येत नव्हतं आणि आजही येत नाही. तरी एका संस्थेने मला सिंधुदुर्गातल्या कातळवेळ गावी समुद्रातल्या रिप करंटवर नजर ठेवायला पाठवलं. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या कामात माणूस आणि जागा यांचा मेळ असावा अशी सक्ती नसते.

लाटा किनाऱ्यावर जे पाणी आणून टाकतात ते कुठून तरी परत जायला लागतं. पाण्याखालच्या वाळूच्या बांधाला जिथे खिंडार असतं तिथून ते जोरात मागे फिरतं आणि वाटेत असेल त्याला सोबत घेऊन जातं. गावात त्याला नुसतं ‘ओढ’ म्हणतात. लबाडी अशी, की ओढीच्या जागी लाटा फुटत नाहीत. पाणी अगदी गरीब दिसतं. पर्यटक सगळा किनारा सोडून नेमका तिथेच पोराबाळांना घेऊन उतरतो. माझं काम म्हणजे ओढ आज कुठे आहे ते पाहायचं, वारा, लाटा आणि भरती-ओहोटी मांडून उद्या तिचा जोर किती असेल याचा अंदाज फळ्यावर लिहायचा आणि त्या जागी लाल बावटा लावायचा. वाळूचा बांध सरकला की ओढ सरकते, मग बावटाही सरकवायचा.

ओढ मोजायला संस्थेने एक तरंगतं यंत्र दिलं होतं. पहिल्याच आठवड्यात ते कुणाच्या तरी जाळ्यात सापडलं, आणि त्यातला दिवा लुकलुकतो म्हणून त्या घरात देव्हाऱ्याशेजारी जाऊन बसलं. परत मागायची माझी हिंमत झाली नाही. मग मी नारळ वापरायला लागले. नारळ तरंगतो, बराचसा पाण्यात राहतो म्हणून वारा त्याला फार ढकलत नाही, आणि कातळवेळात तो कोथिंबिरीपेक्षा सहज मिळतो. लांबून दिसावा म्हणून त्याला रंग द्यायचा ठरवलं. दुकानात केशरी रंग होता. मी केशरी दिला, आणि तिथेच माशी शिंकली.

एक बाई रोज सकाळी आंघोळ करून समुद्रावर येते. शेंदरी नारळ पाण्यात सोडते. काठावर उभी राहून त्याच्याकडे एकटक बघत काहीतरी पुटपुटते. मी सेकंद मोजत असे, पण ते कोणाला काय माहीत? शेजारी लाल बावटा फडफडतोय. यावरून गावाने जो अर्थ काढला तो तुम्हीही काढला असता.

तो माझ्या कानावर घातला मथुकाकींनी. मी त्यांच्याकडे राहत होते. पर्यटकांना खोल्या द्यायच्या, मासळीचं जेवण घालायचं आणि सगळ्या गावाची खबर ठेवायची, असे त्यांचे तीन उद्योग होते.

“तुझा लगीन जमना नाय म्हणान तू दर्याक नारळ घालतंस, असा सगळे म्हणतत,” त्या माझ्या ताटात सोलकढी ओतत म्हणाल्या. “मी म्हटलंय, घालूदे. जमतला हां. दर्या तुझो नारळ घेता.”

“घेतो म्हणजे?”

“घेता म्हणजे घेता! आमचे नारळ लाट परत आणून पायार टाकता. तुझो सरळ आत जाता. मागे वळान बघणा नाय.”

“काकी, ती ओढ आहे. तिथे टाकलेली कुठलीही वस्तू आत जाणारच.”

“तांच म्हणतंय मी. जागा जागृत आसा.”

त्यातच कोल्हापूरच्या एक बाई मथुकाकींकडे उतरल्या. त्यांनी गुपचूप बावट्याशी एक नारळ सोडला आणि परतीच्या वाटेवरच त्यांना सुनेला दिवस गेल्याचा फोन आला. त्या गोष्टीत माझ्या नारळाचा काही हात नव्हता हे मी शपथेवर सांगेन, पण व्हॉट्सअ‍ॅप कुणाला शपथा विचारत नाही. श्रावण निम्मा सरायच्या आत ‘नवसाचा दर्या’ बेळगावपर्यंत पोचला. मथुकाकींच्या फाटकावर नवी पाटी लागली: ‘नवसाच्या दर्यापासून चालत जवळ.’

मी ग्रामसभेत जाऊन पडद्यावर चित्रं दाखवली. ओढ म्हणजे काय, ती जागा कशी बदलते, तिच्याबरोबर बावटा का बदलतो, सापडलात तर तिच्याशी झुंजू नका, तरंगत राहा आणि बाजूला सरका, सगळं सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रश्न विचारा म्हटल्यावर एका गृहस्थाने उभं राहून विचारलं, नारळ सोललेला चालतो की शेंडी लागते? आणि पहिल्या रांगेत, मानाच्या खुर्चीवर, तात्या गावकर हनुवटी छातीला टेकवून झोपले होते.

तात्या म्हणजे गावचे मानकरी. नारळी पौर्णिमेला दर्याला पहिला नारळ घालायचा मान त्यांच्या घराचा. त्यांचा नारळ पडेपर्यंत आणि त्यांचं बोलून होईपर्यंत त्यांच्यापुढे पाण्यात कुणी पाऊल टाकायचं नाही, अशी रीत. आणि मी तर पौर्णिमेच्या कितीतरी आधीपासून रोज सकाळी, आंघोळ करून, नारळ घालत होते. तात्या माझ्याशी बोलत नसत. वाटेत भेटले तर माडाकडे बघत.

अशात आमचे साहेब, डॉक्टर सुब्बाराव, यांचा फोन आला. ते पौर्णिमेच्या दिवशी येणार होते.

“मोठी गर्दी असते ना त्या दिवशी? उत्तम,” ते म्हणाले. “मला एकच बघायचं आहे. लोक बावटा पाळतात का. पाळत नसतील तर तिथलं केंद्र बंद करून दुसरीकडे नेऊ.”

फोन ठेवते तोच मथुकाकी धापा टाकत आल्या. “गो बाय, आयकलंस? तात्या औंदा पयलो नारळ तुझ्या बावट्याकडे घालतले! सगळो गाव, सगळे पावणे, सगळे थयच!”

पौर्णिमेला संध्याकाळी पूर्ण ओहोटी, आणि माझ्या अंदाजाप्रमाणे लांबून मोठ्या लाटा यायच्या होत्या. असा दिवस म्हणजे ओढीची दिवाळी. तिथे म्हातारा माणूस नारळ घेऊन कमरेइतक्या पाण्यात जाणार आणि मागोमाग सगळं गाव. बाबली किती जणांना ओढून काढणार?

मी तशीच तात्यांच्या घरी गेले. ते पडवीत सुपारी कातरत बसले होते. या खेपेला बघायला माड नव्हता, म्हणून त्यांनी सुपारीकडे बघितलं.

“तात्या, पौर्णिमेला तुम्ही बावट्यापाशी नारळ घालणार असं ऐकलं.”

“बरोबर आयकलंस.”

“त्या संध्याकाळी ओढ सगळ्यात जोरात असणार आहे. तिथे कमरेभर पाण्यात तरणा माणूससुद्धा उभा राहू शकणार नाही.”

“बरा.”

“बरं म्हणजे? जाणार नाही ना?”

“जातलंय.”

“अहो, लाल बावटा म्हणजे तिथे जायचं नाही! तिथे जायचं नाही हे सांगायलाच तो लावलाय!”

अडकित्ता थांबला. “मान कोणाचो? माझो. तो खय आणि कसो चालवचो, ता मी सोलापुराक इचारून ठरवूचंय नाय,” तात्या म्हणाले. मग घरात हाक गेली, “चेडवाक चाय दी गो!” चहा आला, मी प्यायले, आणि तेवढ्यात त्यांनी आणखी दोन सुपाऱ्या कातरल्या.

परत येताना रागाने माझं डोकं तापलं होतं, आणि तापलेल्या डोक्यात कल्पना फार झटपट येतात.

“बाबली,” मी म्हणाले, “बावटा हलवू.”

“ओढ सरकली?”

“ओढ आहे तिथेच आहे. पण लोक ओढीच्या मागे येतात का? नाही. बावट्याच्या मागे येतात. मग पौर्णिमेला बावटा किनाऱ्यावरच्या सगळ्यात सुरक्षित जागी लावायचा. सगळी यात्रा तिकडे.”

बाबलीने गळ्यातली शिट्टी सदऱ्याला पुसली. “म्हणजे ज्या जाग्यार मरूचा नाय, थय लाल बावटो?”

“हो.”

“आणि ज्या जाग्यार मरूचा, थय?”

“तिथे काही नाही.”

“शिकलेल्या माणसाची अक्कलच येगळी,” तो म्हणाला. मी ते कौतुक समजले.

पौर्णिमेच्या सकाळी आम्ही बावटा उपटला आणि उत्तरेला, जिथे पाण्याखालचा बांध अखंड होता आणि लाटा सरळ चालत किनाऱ्याला येत होत्या, तिथे नेऊन रोवला. जुन्या जागेपुढे बाबलीने होड्यांची जाळी वाळत घातली. आमच्या... म्हणजे त्यांच्या गावात जाळं ओलांडून कुणी जात नाही, अपशकुन मानतात. जाळ्यांच्या पलीकडे बाबली शिट्टी गळ्यात घालून पहाऱ्याला बसला. सगळं इतकं नीट जमलं होतं की दुपारी मी दोन वाट्या नारळीभात जास्त खाल्ला.

संध्याकाळी ढोल वाजवत मिरवणूक निघाली. पुढे पांढऱ्या धोतरात तात्या, हातात सोनेरी कागद गुंडाळलेला नारळ. मागे गाव, गावामागे पाहुणे, पाहुण्यांमागे भजीवाला. सगळे वाळूवर उतरले, मान वर करून बावटा शोधला, आणि उत्तरेला वळले. माझ्या जिवात जीव आला.

नेमकी तेव्हाच साहेबांची गाडी आली. सुब्बारावांनी उतरल्या उतरल्या किनाऱ्यावर नजर टाकली. अफाट किनारा मोकळा होता. लाल बावट्याखाली मात्र मुंगीला जागा नव्हती.

“शिवलीला,” ते हळूच म्हणाले, “तो बावटा लाल आहे ना?”

“हो सर.”

“लाल म्हणजे धोका?”

“हो सर.”

“मग हे लोक...”

“बावट्याला फार मानतात सर. जरा जास्तच मानतात.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यांना पुढचं काही सुचायच्या आत मी गर्दीत घुसले.

तात्या पाण्याच्या कडेला पोचले होते. पाऊलभर पाणी, मग घोट्याभर. तिथे ते थांबले. मी मनात म्हटलं, चला, अजून थोडं पुढे जायला हरकत नाही, इथे भीती नाही. पण तात्या हलेनात. घोट्याभर पाण्यातूनच त्यांनी नारळ कपाळाला लावला आणि फेकला. लाट आली, नारळ उचलून घेतला आणि सन्मानाने तात्यांच्या पायांशी आणून ठेवला.

गाव हसलं नाही. तात्यांनी पुन्हा फेकला. लाटेने पुन्हा आणून दिला.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. किनाऱ्यावरची सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे तरी कुठली? जिथून नारळ परत येतो ती. हे मी रोज सकाळी माझ्या हाताने मोजत होते, वरिष्ठांना आलेख काढून पाठवत होते. बावटा हलवताना मात्र हे माझ्या डोक्यात आलं नाही.

“दर्या घेना नाय,” कुणीतरी कुजबुजलं.

“तात्यानू, जरा फुडे जावा! गुडघ्याभर तरी!”

“नाय,” तात्या म्हणाले.

“कित्याक नाय?”

“बावटो लाल आसा.”

आता मात्र सगळे हसले. तात्या हसले नाहीत. तिसऱ्यांदा नारळ परत आला तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, “अरे, बावटो काल थय होतो! जागृत जागा थय! चला जुन्या जाग्यार!” आणि गर्दीची शेपटी वळली. गावचे लोक घुटमळत होते, मानकऱ्यांना सोडून कसं जायचं म्हणून. पाहुण्यांना ती अडचण नव्हती. लांबून बाबलीची शिट्टी ऐकू येऊ लागली. कोल्हापूर-बेळगावच्या मंडळींना जाळ्याची रीत काय माहीत? साड्या सावरत, मुलांचे हात धरत ते जाळी ओलांडायला लागले. पलीकडचं पाणी लाटेविना शांत पडलं होतं.

मोठ्याने ‘बावटा मी हलवलाय’ म्हणून ओरडावं तर उरलेला गावही तिकडे पळाला असता. या गर्दीला थांबवू शकेल असा किनाऱ्यावर एकच माणूस होता. मी चपला फेकल्या आणि पाण्यात शिरले. घोट्याभरच पाणी होतं, पण मला विचाराल तर ते अटलांटिक होतं. तात्यांचं कोपर घट्ट धरलं आणि त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

“तात्या, बावटा खोटा आहे.”

“काय?”

“मी हलवलाय सकाळी. इथे ओढ नाही. ओढ तिथेच आहे, जुन्या जागी, आणि लोक तिकडे निघालेत.”

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. श्रावण लागल्यापासून पहिल्यांदा. “ओढ सरकता तसो बावटो सरकता, असा तूच ग्रामसभेत सांगितलंस मा?”

“तुम्ही तर झोपला होता!”

“डोळे मिटलेले होते. कान उघडे होते.” ते दातओठ खाऊन बोलत होते. “लोक बावट्याकडे येतलेच होते. मी नको म्हटलंय असता तर माका सोडून इले असते. म्हणान मीच फुडे झालंय. माझ्या फुडे पाण्यात कोण जाणा नाय. म्हटलंय, घोट्याभर पाण्यात उभो रवतंय, भरती लागासर बोलत रवतंय, सगळ्यांका अडवन धरतंय. आणि तू माका खोट्या बावट्याखाली उभो केलंस?”

मला तिथल्या तिथे वाळूत गाडून घ्यावंसं वाटलं. सबंध गावात माझ्या बावट्याला बावटा समजणारा एकच माणूस होता, आणि मी नेमकं त्यालाच फसवलं होतं.

“मग आता?” मी रडवेली झाले होते.

“आता कोपर सोड माझा,” तात्या म्हणाले.

त्यांनी धोतर वर खोचलं, परत आलेला नारळ उचलला, तरातरा गुडघाभर पाण्यात गेले आणि गावाकडे तोंड करून उभे राहिले. वयाच्या मानाने आवाज केवढा होता! त्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं. गाऱ्हाणं म्हणजे मानकऱ्याने सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलायचं आणि दर वाक्याला सगळ्यांनी हुंकार भरायचा. ते चालू असताना जागचं हलायचं नसतं.

“बा दर्या म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सवयीने गाव थांबलं. गाव थांबलं म्हणून पाहुणेही जाळ्यांपाशी गोंधळून थांबले.

“आज ह्या तुझ्या लेकरांनी तुका नारळ दिल्यानी, तो तू परत केलंस म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा,” जरा दबकत.

“लोक म्हणतत, दर्या कोपलो. अरे, कोपलो खय? जो नारळ परत देता तो माणूस पण परत देता! सकाळी होडी घेवन गेलेलो माणूस सांजेक आपल्या घराक येता, तो तुझ्या ह्या परत देवच्या गुणान म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” या वेळी बायकांचा आवाज मोठा होता. ज्यांचे नवरे होडीवर जातात त्यांचा.

“आणि जो घेता...”

तात्या अडखळले. नारळ त्यांच्या हातात होता आणि लाट येऊन त्यांच्या गुडघ्यांवर फुटत होती.

“जो घेता, तो नारळार थांबणा नाय. तो काय काय घेता, ता माका इचारा, म्हाराजा.”

कुणी हुंकार भरला नाही. ढोलवाल्यांनी माना खाली घातल्या. मला काही कळेना. मी वळून पाहिलं तर मथुकाकी, ज्यांनी फाटकावर नवसाच्या दर्याची पाटी लावली होती त्या मथुकाकी, पदर तोंडात धरून उभ्या होत्या. त्यांनी पदर काढला आणि एकट्याच म्हणाल्या, “व्हय म्हाराजा.”

मग सगळ्यांनी म्हटलं.

“तेचो झील, पोटचो पोर,” काकी माझ्याजवळ येऊन पुटपुटल्या. “सुधाकर. कॉलेजात होतो. बुडणाऱ्या पावण्याक काढूक गेलो, तो ओढीत गावलो. तात्यांनी परत तेचा नाव काढल्यानी नाय कधी.”

मला रडू आलं, आणि ते लपवायला मी फार धडपडलेही नाही.

“तर आजपासून,” तात्यांनी आवाज पुन्हा चढवला, “ज्या जाग्यार दर्या घेता थय जो कोण पाय घालीत, तेचो नारळ आणि तेचो नवस ह्या गावाक मान्य नाय म्हाराजा! आणि ह्या गावाक मान्य नाय तो देवाक पण मान्य नाय म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

असा आवाज उठला की जाळ्यांपाशी उभी असलेली बेळगावची मंडळी दचकून चार पावलं मागे आली. तात्यांनी नारळ फेकला. लाटेने तो परत आणला, आणि या वेळी लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग एकेकाने काठावरूनच नारळ सोडला. परत आला की डोक्याला लावायचा आणि घरी न्यायचा, असं ज्याचं त्यानेच ठरवून टाकलं. भजीवाल्याने कढई पेटवली.

सुब्बाराव साहेब वाळूतून वाट काढत माझ्यापाशी आले. “हे गृहस्थ काय म्हणत होते?”

“ओढीचा अंदाज सांगत होते, सर.”

“लोक ऐकतात त्यांचं?”

“बघताय ना.”

साहेबांनी जाळ्यांकडे नजर टाकली. ओढीच्या पाण्यापाशी चिटपाखरू नव्हतं. एकटा बाबली तिथे उभा होता आणि वाजवायला कुणी उरलं नाही म्हणून शिट्टीकडे बघत होता. “फळ्यावर लिहिण्यापेक्षा हे बरं दिसतं,” साहेब म्हणाले. केंद्र बंद झालं नाही, आणि लाल बावट्याखाली ते लोक काय करत होते हे साहेबांनी मला पुन्हा विचारलं नाही. दोन कांदाभज्यांनंतर त्यांना त्यात रस उरला नसावा.

सूर्य बुडायला आला तशी गर्दी पांगली. मी आणि बाबलीने बावटा उपटला आणि जुन्या जागी न्यायला निघालो. मागून पाणी ठिबकणाऱ्या धोतराने तात्या आले. आमच्याबरोबर चालत राहिले. मी क्षमा मागायला शब्द जुळवत होते, पण त्यांनी मला बोलू दिलं नाही.

“फुडल्या खेपेक हलवशीत तर आदी माका सांग,” ते म्हणाले. “मी सकाळी उठान पयलो बावटो बघतंय, आज खय आसा तो. मगे चाय घेतंय.”

“रोज?”

“तू इलंस त्या दिसापासून.”

जाळी बाजूला करून आम्ही ओढीपाशी पोचलो. बाबली वाळूत खड्डा करू लागला. तात्या त्या गरीब दिसणाऱ्या पाण्याकडे बघत होते.

“तेवा हय बावटो नव्हतो,” ते म्हणाले. “असतो तर तो पावणो उतारलो नसतो. आणि माझो झील घराक इलो असतो.”

तात्यांनी बांबू माझ्याकडून घेतला, खड्ड्यात उभा केला आणि दोन्ही हातांनी धरून ठेवला.

“वाळू घाल रे,” ते बाबलीला म्हणाले. “खोल रोव.”